शेवटच्या नळाचा फोटो

एम.टेक.ला आमचे सर पाईपांची लग्नं लावत. गावाच्या नळयोजनेत कुठे किती जाड पाईप घालायचा, हे ते कॉम्प्युटरकडून ठरवून घेत. कॉम्प्युटर ढीगभर आराखडे मांडी, दोन-दोन आराखड्यांच्या जोड्या जमवून त्यांना पोरं होऊ देई, महागडी पोरं मारी आणि स्वस्त पोरांची पुन्हा लग्नं लावी. निसर्गही असाच चालतो, असं सर डोळे मिटून सांगत. उभ्या जन्मात त्यांनी पाण्याची घागर उचलली नव्हती.

त्यांना खरंखुरं गाव हवं होतं, म्हणून मी वसमतजवळचं माझं गाव दिलं. जुन्या आराखड्यात टाकीपासून दोन पाईप निघत, एक बाजारातून, एक वरच्या गल्लीतून, आणि आमच्या बौद्धवस्तीत एकमेकांना मिळत. एकीकडून अडलं तरी दुसरीकडून पाणी आलं असतं. कॉम्प्युटरनं खर्च वाचवायला आधी बाजाराकडचा जोडच मारला. वस्तीला एकच पाईप उरला, आणि त्याचा व्हॉल्व्ह वरच्या गल्लीतल्या बड्या जमीनदाराच्या ओट्यासमोर.

"तो बंद केला तर?" मी विचारलं.

"कोण कशाला बंद करील? कॉम्प्युटरला जात कळत नाही," सर अभिमानानं म्हणाले.

त्यांच्या अकलेची मला तेव्हाच कीव आली. आराखडा मंजूर झाला, पाईप पुरले गेले.

पुढच्याच पावसाळ्यात वस्तीतल्या बायकांनी निंदणीची मजुरी वाढवून मागितली आणि व्हॉल्व्ह बंद झाला. गुडघ्यांनी बेजार झालेली माझी आई पुन्हा शेतातल्या विहिरीवरून पाणी आणू लागली. मी सरांना फोन केला. "दाब पुरेसा आहे, मी तपासलंय," म्हणाले.

मग ते स्वतःच आले. व्हॉल्व्हसाठी नव्हे. कुठल्याशा परिषदेत दाखवायला त्यांना शेवटच्या नळाचा फोटो हवा होता, आणि शेवटचा नळ आमचा. तो कोरडा पाहून ते तडक ओट्याकडे गेले. "सायेबासाठी काहून न्हाई?" म्हणत जमीनदारानं व्हॉल्व्ह उघडायला लावला.

पाणी जोरात आलं. आईनं लंगडत जाऊन घागर लावली.

"बाई, जरा बाजूला व्हा, धार दिसत नाही."

ती घागर घेऊन बाजूला झाली. सरांनी उभे-आडवे फोटो काढले, पाणी गटारात वाहत राहिलं. ते जीपकडे वळले तसा तिकडे व्हॉल्व्ह बंद झाला.

आई अर्धी घागर घेऊन जीपपर्यंत गेली.

"सायेब," ती म्हणाली, "उद्या बी येता का फोटू काढाया?"