जमना खरं काय म्हणाली होती

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, टेकडीवरच्या देवीलासुद्धा नाही — तिच्यापुढे हात जोडून उभी राहिले की मी भलतंच काहीतरी बोलून परत येते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही देवासचे नाही म्हणून असेल. किंवा उद्या दुपारी हे सगळ्यांसमोर बोलायचंय, त्याआधी एकदा जीभ उचलते का ते पाहावं, म्हणूनही असेल.

आधी गाव सांगते, नाहीतर काही कळायचं नाही. आमच्या गावात दोन राज्यं आहेत. थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, दरबार दोन, कचेऱ्या दोन, आणि गाव मात्र एकच. आमच्या मोहल्ल्यात तर सरहद्द रस्त्याच्या मधून जाते. आमचं घर थोरल्या पातीत, समोरची घरं धाकट्या पातीत. समोर भांडण जुंपलं तर आमच्याकडच्या शिपायाने नुसतं बघत उभं राहायचं. बाहेरचे पाहुणे पोट धरून हसतात. आम्हाला आता त्याचं काही वाटत नाही.

रस्त्याच्या बरोबर मध्ये एक विहीर होती. तिला लागून दगडी ओटा, त्यावर चिंचेची सावली. विहीर कोणत्या पातीची हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि कोणी विचारायलाही जात नसे — विचारलं तर डागडुजीचं लचांड गळ्यात पडायचं. म्हणून ती दोन्हीकडच्या बायकांची होती. सगळ्या बायकांची म्हणवत नाही. काहींना त्या ओट्यावर पाऊल टाकायची मुभाच नव्हती, आणि तेव्हा मला ते खटकलंही नव्हतं.

लग्न होऊन मी इथे आले ती मुकी. घरात मराठी, बाहेर पाऊल टाकलं की माळवी. मला माळवी शिकवली ती जमनाने. समोरच्या ओळीतली, छिप्याची बायको. नवरा लुगडी छापायचा आणि हिच्या हातांना कायम लाल रंग. माझ्याहून थोडी मोठी, आवाज खणखणीत, हसली की दोन्ही पातींना ऐकू जायचं. मला ती 'बेन' म्हणायची, म्हणजे बहीण. मी चुकीचं माळवी बोलले की हसायची, पण दुसऱ्या कोणी हसलं तर त्या बाईची धडगत नसे.

अशी ती. आणि मी? — थांबा, येते तिथवर.

प्लेगची साथ ओसरल्यावर आमच्या पातीच्या दरबारच्या मनात आलं की मोहल्ला सुधारावा. रस्ता रुंद करावा, तळ्याचं पाणी नळाने आणावं, जुन्या विहिरी बुजवाव्यात. पुरुषांची मतं आधीच गोळा झाली होती, आणि काय एकेक मतं! पेन्शनीत निघालेल्या एका मामांना वर्तमानपत्र वाचायला बाक हवा होता. तालमीतल्यांना त्या जागी आखाडा हवा होता. मिठाईवाल्याला दुकानासमोर बग्गी उभी राहील एवढा रस्ता पुरे होता. विहिरीचं नाव कोणी काढलं नाही. ते पाणी भरायला जातच नसत, नाव कशाला काढतील?

तेव्हा आमच्या पातीत बांधकामाचे नवे अधिकारी आले होते. त्यांची पत्नी पुण्याकडची, शिकलेली, मनाने सरळ. आम्ही त्यांना बाईसाहेब म्हणत असू. त्यांनी यजमानांना सांगितलं की बायकांनाही विचारायला हवं. आणि बायकांना कचेरीत बोलावता येत नाही, म्हणून त्यांनी चैत्रगौरीचं हळदीकुंकू केलं, दोन्ही बाजूंच्या बायकांना आमंत्रण धाडून. आंब्याची डाळ, पन्हं, ओल्या हरभऱ्यांनी ओटी, आणि मग प्रश्न: तुमच्या मोहल्ल्यात तुम्हाला काय हवं?

आमच्या गावात बायकांना असं कोणी पहिल्यांदाच विचारत होतं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं, डोक्यावरचे पदर पुढे ओढले, आणि मग सगळ्यांनी जमनाकडे बघितलं. बाईसाहेबांना माळवीचा एक शब्द कळत नव्हता. जमनाला मराठी येत नव्हती. दोन्ही येणारी, दोघींच्या मध्ये बसलेली, मी.

जमना काय म्हणाली ते माझ्या कानात अजून जसंच्या तसं आहे. "नळ आवे तो भलो. पण कुओ ने ओटलो रेवा दीजो. घर में सब हुकम चलावे, यां कोई नी चलावे." नळ येऊ दे, पण विहीर आणि ओटा राहू द्या, घरात सगळेच आमच्यावर हुकूम चालवतात, इथे कोणी चालवत नाही. एवढंच. बाकीच्या बायकांनी माना हलवल्या.

आणि मी बाईसाहेबांना सांगितलं — बायका म्हणतात, नळ लवकर यावा. विहीर बुजवली तरी चालेल. ओट्यावर नुसत्या चकाट्या होतात, कामं खोळंबतात, तो नसलेलाच बरा.

झालं. सांगून टाकलं.

बाईसाहेबांना जरा नवल वाटलं असावं. त्यांनी जमनाकडे बघून विचारलं, खरंच? 'खरंच' एवढा मराठी शब्द तिला कळला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली, म्हणून तिनेही हसून मान डोलावली.

का केलं मी हे? तुम्ही विचारणारच. मला मूल नव्हतं. अजून नाही. इकडे बाळंतीण उठली की तिला वाजतगाजत विहिरीवर आणतात, जलवा पूजतात, म्हणजे पाण्याची पूजा करतात, गाणी म्हणतात, घुघरी वाटतात. त्या ओट्यावर मी किती जलवे पाहिले! आणि दर वेळी जमना पहिली मूठ घुघरी माझ्या पदरात टाकायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "अबके थारो, बेन." आता तुझी पाळी. ती मनापासून म्हणायची. मला मात्र तिथल्या तिथे धरणी दुभंगावी असं व्हायचं. घरी सासूबाई घालूनपाडून बोलायच्या, ते मी पचवत होते. जमनाची माया पचत नव्हती. तो ओटाच नको, ते गाणं नको, ती मूठ नको — हे माझ्या मनात किती दिवस साचलं होतं, मलाच माहीत नव्हतं. विचारणारं कोणी भेटलं आणि ते बाहेर पडलं, जमनाच्या नावावर.

हे कारण झालं. सबब म्हणून सांगत नाही.

आणखी एक सांगायला हवं. विहीर कोणाचीच नव्हती, पण नळ आमच्या पातीचा होणार होता. नळाचं पाणी समोरच्या बायकांना मिळेल का, हे मला सुचलं नव्हतं का? सुचलं होतं. बोलता बोलता क्षणभर सुचलं, आणि मी पुढचं वाक्य बोलून गेले.

पावसाळ्याआधी चिंच तोडली, ओटा फोडला, विहीर त्याच दगडांनी बुजवली. रस्ता सुरेख झाला. नळ आमच्या बाजूला आला, त्याच्यापाशी शिपाई आला, आणि पलीकडच्या बायकांनी आपल्या दरबाराकडे नळ मागावा असं ठरलं. त्या दरबाराकडे तेव्हा पैसा नव्हता. जमना आणि तिच्या ओळीतल्या बायका टेकडीखालच्या विहिरीपर्यंत जाऊ लागल्या, भर उन्हात, दोन दोन घागरी घेऊन. आम्ही अलीकडच्या बायका नळाखाली घागर लावायचो, भरली की घरात. बोलायला थांबायचं कुठे? बग्ग्या जायच्या ना मधून.

मला हवं होतं ते मिळालं होतं. कोणी माझ्या पदरात काही टाकत नव्हतं. चार महिन्यांत मला माणसाच्या आवाजाची भूक लागली.

पण हेही सगळ्यात वाईट नाही. सगळ्यात वाईट ते पुढे झालं. जमनाने सगळीकडे सांगायला सुरुवात केली, "बेन ने तो म्हारी बात पूरी की थी. दरबार ने नी मानी." मी तिच्यासाठी बोलले, दरबारनेच ऐकलं नाही! टेकडीखालून घागर घेऊन येताना माझ्या दारात थांबून, घाम पुसत, मलाच धीर द्यायची — तू वाईट वाटून घेऊ नकोस म्हणून. आणि मी? मी गप्प राहायचे. एकदा तर म्हटलंसुद्धा, काय करणार, मोठी माणसं आपलं कुठे ऐकतात. खोटं बोलणं एका दुपारचं होतं. हे श्रेय मी वर्षानुवर्षं खाल्लं.

मग जमनाच्या सुनेला, गुलाबला, मुलगी झाली. जलवा कुठे पूजायचा? बायका गात गात नळाकडे निघाल्या. शिपायाने रस्त्याच्या मध्यावर अडवलं. बिचाऱ्याला हुकूमच तसा होता. गाणं थांबलं. गुलाब डोक्यावर कलश घेऊन तशीच उभी. मी आमच्या घरापुढच्या ओट्यावरून पाहत होते. मी आत गेले, घागर उचलली, नळावर भरली — माझी पाती, मला कोण अडवणार? — आणि रस्ता ओलांडून गुलाबच्या पुढ्यात नेऊन ठेवली. त्यांनी त्या घागरीची पूजा केली. जमनाने पहिली मूठ माझ्या पदरात टाकली. या वेळी ती काही म्हणाली नाही, नुसती रडली, आणि मीही रडले. तिला वाटलं आम्ही एकाच गोष्टीसाठी रडतोय.

त्या दिवसापासून मी रोज पलीकडे पाणी देऊ लागले. सासूबाई कुरकुरल्या, मग थकल्या. शिपाई पाठ फिरवून तंबाखू मळू लागला. माझं पाहून अलीकडच्या इतर बायकाही देऊ लागल्या. घागर द्यायची तर दोन शब्द होतात, दोन शब्द व्हायचे तर टेकावं लागतं, आणि टेकायला आमच्या घरापुढचा ओटा होता. आता दुपारी तिथे जागा मिळत नाही. गुलाब माझ्याकडून मराठी शिकली, अशी शिकली की माझ्या उच्चारांना नावं ठेवते. तिच्या मुलीला लिहायला मी बसवते. सुख म्हणतात ते हेच असावं, आणि ते मला त्या खोट्यातूनच मिळालं.

आता दोन्ही दरबारांचं प्रथमच जमलंय. विहीर बुजवली तिथे दोन्हीकडे तोंड असलेले नळ बसणार आहेत आणि राहिलेल्या जागेचं काय करायचं हे विचारायला उद्या पुन्हा हळदीकुंकू आहे. अधिकारी नवे, त्यांच्या घरच्या बाई नव्या, त्याही पुण्याकडच्याच. पुरुषांना या खेपेला घड्याळाचा मनोरा हवाय. बायकांचं काय ते जमना सांगणार. मराठीत सांगायला बाईंनी मलाच बोलावलं होतं. मी गुलाबचं नाव सुचवलं आणि त्यांनी मानलं. जमनाला वाटतंय, बेन सुनेला पुढे करतेय. काल सगळ्यांना कौतुकाने सांगत होती.

मी बायकांच्या रांगेत बसणार आहे. जमनाने तोंड उघडण्याआधी मी बोलेन. आधी माळवीत, म्हणजे तिला दुसऱ्या कोणाकडून समजून घ्यावं लागणार नाही. त्या दुपारी ती काय म्हणाली होती, आणि मी काय सांगितलं. मग ती काय म्हणेल, बोलेल की उठून जाईल, ते तिचं. पण ती बोलली, तर या खेपेला तिचा शब्द न् शब्द पोचेल, आणि गुलाब चुकली तर दुरुस्त करायला मी तिथे आहे.