गोंडे लावलेली साडी

तुळशीचे लग्न उरकले की अविराजच्या हिवाळ्याचे दोन तुकडे होतात. उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंतचा छोटा तुकडा त्याचा स्वतःचा असतो. उरलेला सगळा दिवस बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या वधूवरांच्या मालकीचा. बारामतीत भिगवण रस्त्यावर त्याचा स्टुडिओ आहे. पाटीवर त्याच्या नावापेक्षा ड्रोनचे चित्र मोठे आहे, कारण गिऱ्हाईक आधी ड्रोन आहे का ते विचारते.

त्या वर्षी मार्गशीर्षात त्याने उजनी धरणाच्या फुगवट्यावर एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढले. नवरदेवाला मागे रोहित पक्षी हवे होते, तेही उडताना. ते उडावेत म्हणून नवरदेवाने काठावरून टाळ्या वाजवल्या. पक्षी उडाले, पण पाठ फिरवून, पार पलीकडच्या काठाला जाऊन बसले. नवरदेव न डगमगता म्हणाला की एडिटिंगमध्ये आणा की जवळ. अविराजने आणले. त्या कामाचे त्याला जेवढे कौतुक मिळाले तेवढे त्याच्या एकाही खऱ्या चित्राला कधी मिळाले नव्हते, आणि ही गोष्ट त्याला सलत होती.

खरे चित्र म्हणजे काय, याविषयी त्याची स्वतःची एक धारणा होती, आणि ती त्याला लग्नाच्या मांडवातच सापडली होती. आमच्याकडे लग्न पाच मिनिटांत लागते. मानपान मात्र तासभर चालतो. माईकवरून नावे पुकारली जातात, एकेक पाहुणी व्यासपीठावर चढते, तिच्या हाती साडी दिली जाते, आणि फोटो निघेपर्यंत देणारीचे व घेणारीचे असे चारही हात साडीवरून हलत नाहीत. अशा चार हातांच्या फोटोंनी अविराजच्या हार्ड डिस्क भरलेल्या होत्या. त्यांच्याकडे पुन्हा कोणी पाहत नसे.

अशातच तीन वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात निमगाव केतकीजवळच्या डाळिंबाच्या बागेत तो उभा राहिला. त्या भागात डाळिंब पोसू लागले की झाडांवर जुन्या साड्या पांघरतात. दुपारच्या उन्हाने फळावर चट्टा पडत नाही आणि पहाटेचे दवही वरच्या वर अडते. काही साड्या बाजारातून वजनावर येतात, काही घरच्या ट्रंकेतून. पुढ्यातल्या झाडावरची जांभळी साडी आपण पाहिलेली आहे, असे त्याला वाटले. स्टुडिओत परतून त्याने शोधले तेव्हा ती सापडली: दोन वर्षांपूर्वीच्या एका मांडवात, चार हातांमध्ये, घडी न मोडलेली.

तेव्हापासून तो जोड्या जमवू लागला. डावीकडे मांडवातले हात आणि साडी, उजवीकडे झाड आणि तीच साडी. चेहरे नाहीत, नावे नाहीत. तीन हिवाळ्यांत त्याला मोजक्याच जोड्या मिळाल्या, आणि त्याही मिळणे आता अवघड होऊ लागले होते, कारण साड्यांच्या जागी पांढऱ्या कापडाचे तयार कव्हर येत होते. कालपर्यंत रंगांनी पेटलेली बाग दुसऱ्या वर्षी दवाखान्यातल्या खाटांसारखी पांढरी दिसे. शेतकऱ्याच्या दृष्टीने कव्हर चांगले होते, हे अविराजला कळत होते. म्हणून चिडायचे कोणावर, हे कळत नव्हते.

पुण्यात एक लहानसे कलादालन चालवणाऱ्या वृषालीने त्या जोड्या पाहिल्या आणि हिवाळ्याअखेरच्या प्रदर्शनात त्यांना एक भिंत देऊ केली. तिने एकच सांगितले, की सगळ्या जोड्या चांगल्या आहेत, पण माणूस जिच्यापुढे थबकेल अशी एक अजून हवी. ती मिळाली तर निमंत्रणपत्रिकेवर तीच घेऊ. अविराजचे नाव आजवर फक्त लोकांच्या लग्नपत्रिकांच्या मागे, छायाचित्रकार म्हणून, बारीक अक्षरांत छापले गेले होते.

ती जोडी त्याला शेळगावात मिळाली, बहिणीच्या सासरी.

प्राचीच्या घरामागे तिच्या सासूची, दगडाबाईंची, डाळिंबाची बाग आहे. उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकत अविराज पोचला तेव्हा धुके विरत आले होते. बागेच्या पहिल्याच ओळीत, विहिरीकडच्या झाडावर आंबाकाठाची मोरपंखी साडी होती आणि तिच्या पदराला पिवळे गोंडे लोंबत होते. प्रत्येक गोंड्याच्या टोकाला दवाचा थेंब होता. अविराजने आधी फोटो काढले. पुष्कळ काढले. ती साडी आपल्या आईने दिलेली आहे, हे त्याच्या मनाने जरा उशिरा उच्चारले. डोळ्यांनी आधीच ओळखले होते.

प्राचीच्या लग्नात इतर पाहुण्या बायकांना दिल्या त्या साड्या एका गठ्ठ्यातल्या होत्या. विहिणीची साडी मात्र त्याच्या आईने, फुलाबाईंनी, स्वतः तीन दुकाने पालथी घालून निवडली होती. मानपानाच्या साडीला कोणी गोंडे लावत बसत नाही, तरी त्यांनी ते मुद्दाम लावून घेतले होते. मांडवात ती साडी देतानाचा फोटो अविराजनेच काढला होता. त्यानंतर शेळगावहून तो कधीही परतला, की फुलाबाई दोन गोष्टी विचारत: पोरगी वाळली का, आणि विहीणबाईंच्या अंगावर ती साडी कधी दिसली का.

त्या दिवशी परतल्यावर त्याने दोन्ही चित्रे शेजारी ठेवली. आईचे हात ओळखू येत होते. उजव्या मनगटावर चुलीचा जुना डाग होता. जोडी इतकी पुरी होती की त्याला स्वतःचीच भीती वाटली. विचार करायला बसला असता तर पाठवली नसती, म्हणून तो विचार करायला बसला नाही, वृषालीला पाठवून मोकळा झाला. तिचा निरोप तासाभरात आला: पत्रिकेवर हीच, घरच्यांची परवानगी तेवढी घेऊन ठेव.

परवानगीचा विषय कसा काढावा, हे तो घोळवत असतानाच फुलाबाई दुपारचा डबा घेऊन स्टुडिओत आल्या. पडद्यावर उजवीकडचे चित्र उघडे होते. त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि चष्मा पुसला.

"आवी, ह्ये गोंडं आपलंच न्हवं?"

खोटे बोलायला वेळच लागला नाही. "धुऊन वाळत घातली होती."

"झाडावर?"

"दोरीवर जागा नव्हती."

फुलाबाईंनी पडद्याजवळ वाकून पाहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. धुऊन वाळत घातली म्हणजे नेसली, असा सरळ हिशेब त्यांनी केला. "म्हंजी नेसत्यात. मला वाटलं, ट्रंकंत कुजली," त्या म्हणाल्या. "आता जाशील तवा अंगावरचा एक फोटू काढून आण. तुझ्या यंत्राचा मला आजवर काय उपेग झालाय?"

दोन कामे घेऊन अविराज पुन्हा शेळगावला निघाला. एक काम त्याला करायचे होते आणि दुसरे करावे लागणार होते. अंथुर्ण्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरने रस्ता अडवला तेव्हा माघारी वळावे असेही त्याच्या मनात आले. पण मागेही ट्रॅक्टरच होता.

प्राची चुलीपाशी होती. त्याने मोबाइलवर तिला जोडी दाखवली आणि पुण्याच्या पत्रिकेचे सांगितले. चेहरे नाहीत, नावे नाहीत, हे दोनदा सांगितले. प्राचीने चित्र मोठे केले, लहान केले, आणि मोबाइल पालथा घालून ओट्यावर ठेवला.

"नाव कशाला पायजे, दादा? आईचा डाग दिसतोय."

पुण्यात कोण ओळखणार, असे तो म्हणाला. तिने त्याला समजावले, अगदी सावकाश, जसे ती तिच्या मुलाला समजावते. पत्रिका मोबाइलवर येणार. मोबाइलवरचे काही पुण्यात राहत नाही. इकडे कोणीतरी आईला दाखवणार की तुमची साडी झाडावर घातली. आई इथे येऊन एक शब्द बोलणार नाही, फक्त पुढच्या संक्रांतीला वाण पाठवणार नाही. इकडे आत्या, तिच्या सासूबाई, विचारणार की तुझ्या भावाने आमची अब्रू पुण्याला टांगली का. "मग त्या दोघी आपापल्या घरी. मधी मी," प्राची म्हणाली. "तुझं चित्र चांगलं हाय. मला कळतं. पर मला हितं नांदायचंय."

ते चित्र आपल्यालाही महत्त्वाचे आहे, इतक्या वर्षांत एकच असे चित्र निघाले आहे, हे त्याला सांगायचे होते. पण नांदणे या शब्दापुढे ते हलकेच पडले असते. त्याने पालथा मोबाइल उचलून खिशात टाकला.

आईने मागितलेल्या फोटोचे सांगितल्यावर मात्र प्राची एकदम उठली. यातून सुटायची वाट तिला तिथेच दिसली. तिने सासूला हाक मारली. दगडाबाई गोठ्याकडून आल्या, आणि सुनेने आडवळणाने सांगायला सुरुवात करताच त्यांनी ते सरळ करून घेतले.

"व्हय, मीच घातलीय झाडावर. त्यात काय लपवायचं? अंगावर ठरतच न्हाय ती. निसरडी हाय. एकदा नेसून देवळात गेले तर पायरीवर निऱ्या सुटल्या." त्या अविराजकडे वळल्या. "पर कापड एक लंबर बगा, पाव्हणं. बाकीच्या झाडांवर चट्टं पडलं, त्या झाडावर एक न्हाय. तुमच्या आईस्नी सांगा, पैशे वाया न्हाय गेलं."

"ते सांगू नका," प्राची घाईने म्हणाली.

"मग काय सांगायचं?"

"नेसल्याचा फोटू द्यायचाय, आत्या."

दगडाबाईंनी सुनेकडे पाहिले, मग पाहुण्याकडे. दोघांचेही चेहरे पडलेले पाहून त्यांना हसू आले. "म्हातारीला नटवताय व्हय? नटवा," असे म्हणून त्या स्वतःच विहिरीकडे चालू लागल्या. साडी काट्यांतून सोडवताना दोन ठिकाणी फाटली आणि एक गोंडा झाडालाच राहिला. उन्हाने ती पट्ट्यापट्ट्याने विटली होती. घडीत दडलेला भाग मोरपंखी, वरचा भाग राखेच्या रंगाचा. प्राचीने ती झटकली, फाटके आत आणि चांगले बाहेर येईल अशी सासूच्या अंगाभोवती नेसत्या लुगड्यावरूनच गुंडाळली, मागून पिना लावल्या. दगडाबाई अंगणात उभ्या राहिल्या, हात सरळ, नजर कॅमेऱ्यात, मांडवात राहतात तशा.

"हसू का नगं?" त्यांनी विचारले.

"नका," अविराज म्हणाला. मग आईचा चेहरा आठवून म्हणाला, "थोडं हसा."

त्याने फोटो काढला. प्रकाश चांगला होता, आणि त्याचेही त्याला वाईट वाटले.

बारामतीला येऊन तो त्या फोटोवर काम करायला बसला. विटलेले पट्टे झाकायला मूळ रंग हवा होता, आणि तो एकाच ठिकाणी शाबूत होता: मांडवातल्या फोटोत, आईच्या आणि दगडाबाईंच्या हातांमध्ये. त्याने तिथला रंग उचलून इथल्या विटलेल्या भागावर बसवला. पदरावरचा मोर तिथून आणला, राहिलेला गोंडाही तिथून आणला. उजनीचे पक्षी जवळ आणले त्याच सफाईने हे काम झाले. वर्षानुवर्षे जी दोन चित्रे तो एकमेकांशेजारी ठेवू पाहत होता, ती आता एकात एक मिसळून गेली, आणि डावे कुठे संपते व उजवे कुठे सुरू होते, हे त्याला स्वतःलाही शोधावे लागले असते.

मग त्याने वृषालीला कळवले की ती जोडी देता येणार नाही. तिने कारण विचारले. त्याने लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. साडी टाकून दिलेली नव्हती, ती चांगल्या कामाला लावली होती. पण शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चित्रांत हे दिसत नाही, तिथे अपमानच दिसतो. शेवटी 'घरगुती अडचण' एवढेच पाठवले. वृषाली समजूतदारपणे 'हरकत नाही' म्हणाली. पत्रिका आली तेव्हा तिच्यावर दुसऱ्या कोणाचे तरी रोहित पक्षी होते. अविराजच्या उरलेल्या जोड्या जिन्याशेजारच्या भिंतीवर लागल्या. त्या दिवशी एका लग्नाचे काम होते, म्हणून त्याला उद्घाटनाला जाता आले नाही.

फुलाबाईंनी मात्र तो फोटो दिवसभर हातातून खाली ठेवला नाही. बोटांनी मोठा करून त्यांनी काठ पाहिला, मोर पाहिला, गोंडे मोजल्यासारखे केले. 

"नवी ऱ्हायलीय अजून," त्या म्हणाल्या. "जपून नेसत्यात." थोड्या वेळाने त्यांनी असेही सुचवले की पुण्याच्या प्रदर्शनात लावायचेच तर असले काहीतरी लावावे, झाडाझुडपांत लोकांना काय गोडी? संध्याकाळपर्यंत तो फोटो त्यांच्या स्टेटसवर होता आणि सगळ्या नात्यागोत्यात फिरला होता.

पौषातल्या आडव्या, बिनमुहूर्ताच्या दिवसांत धंदा थंडावतो, पण माघाच्या पहिल्याच लग्नात सोमेश्वरनगरच्या एका वरमाईने अविराजला बाजूला घेतले. फुलाबाईंच्या विहिणीचा फोटो तिने पाहिला होता. मानपान सगळेच काढतात, ती म्हणाली, पण दिलेली साडी नेसलेला असा फोटो कोणी काढत नाही. आमच्या विहिणीचाही तसाच पाहिजे, आत्ताच, मांडवात. विहीणबाई आतल्या खोलीत गेल्या. घडीच्या खुणा मोडलेल्या नव्हत्या अशी करकरीत साडी अंगावर घेऊन त्या बाहेर आल्या. भोवती बायका जमल्या, कोणी विचारले की याचे वेगळे पॅकेज असते का.

अविराजने कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत साडी होती, चेहरा होता, मागे फुलांची भिंत होती. त्याला विहिरीकडचे झाड आठवले. फळ उतरले असेल आणि झाड उघडे झाले असेल. त्याने झूम थोडा मागे घेतला.

"पदर जरा पुढं घ्या, मावशी," तो म्हणाला. "काठ दिसू द्या."