थोरल्या साडूंची माघार

अख्ख्या बीड जिल्ह्यात ‘न्हाई’ हा शब्द आमच्या थोरल्या साडूंइतका देखणा कुणाला म्हणता येत नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. इतर माणसं न्हाई म्हणतात आणि विषय संपतो. साडू न्हाई म्हणतात तेव्हा कुठे विषय सुरू होतो. मान जराशी तिरपी, नजर जमिनीकडे, उजवा हात छातीपर्यंत उचललेला आणि आवाज असा मऊ, की या माणसाला आणखी एकदा विचारलं नाही तर आपल्याला पाप लागेल असं ऐकणाऱ्याला वाटावं. लग्नाला गेले की मांडवातल्या सगळ्यात मागच्या खांबाला टेकून उभे राहतील, कुणीतरी हाताला धरून पुढे न्यावं म्हणून. फोटोच्या वेळी हळूच बाजूला सरकतील, ओढून आत घ्यावं म्हणून. आठवडी बाजारात शेळी घेऊन उभे राहतील आणि गिऱ्हाईक आलं की सांगतील, “विकायची न्हाई.” मग दोर धरून सकाळपासून उन्हात कशाला उभे राहिलात, असं विचारणारं गिऱ्हाईक त्यांच्या लेखी अडाणी.

अशा अडाण्यांत मी पहिल्या नंबरचा. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही दोघं कामासाठी मोटारसायकलवर निघालो होतो आणि जेवायच्या वेळेला मांजरसुंब्याला थांबलो. ढाब्यावर बसल्यावर मी विचारलं, “दाजी, जेवायचं ना?” ते म्हणाले, “न्हाई, भूक न्हाई.” मी म्हटलं, “बरं.” आणि एक शेवभाजी, चार भाकरी, कांदा असं स्वतःपुरतं मागवून त्यांच्यासमोर यथेच्छ जेवलो. वर त्यांना म्हणालो, “बरं झालं तुम्हाला भूक नव्हती, भाजी जरा तिखटच होती.” परत येताना ते गाडीवर माझ्यामागे बसले होते, पण इतके गप्प, की मला दोनदा वळून बघावं लागलं, माणूस आहे की पडला. पुढे कितीतरी दिवस त्यांनी मला हाक मारली नाही. शेवटी माझ्या बायकोने मला समोर बसवून लहान पोराला शिकवावं तसं शिकवलं. “दाजींना तीनदा विचारायचं असतं. पहिलं न्हाई रीतीचं, दुसरं न्हाई मानाचं, तिसऱ्यांदा ते हो म्हणत्यात.” मी विचारलं, “आणि तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं तर?” ती म्हणाली, “तर मांजरसुंबा होतो.”

अशा माणसाने निवडणुकीला उभं राहावं हे तुम्हाला विचित्र वाटेल. पण साडू उभे राहायचे ते माघार घेण्यासाठी. आमच्या तालुक्याच्या गावात ग्रामपंचायत होती तेव्हापासून, आणि पुढे नगरपंचायत झाली तरीही, प्रत्येक निवडणुकीत त्यांच्या वॉर्डातून त्यांचा अपक्ष अर्ज ठरलेला. अर्जाच्या झेरॉक्स माझ्याच दुकानात, तहसीलसमोर. अर्ज भरला की साडू घरी जाऊन शेळ्यांना चारा टाकायचे आणि वाट बघायचे. मग माघारीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनची मुदत जवळ आली की वॉर्डातला दमदार उमेदवार शाल-नारळ आणि चार वजनदार माणसं घेऊन त्यांच्या अंगणात हजर. “तुमच्यासारख्या माणसाने आडवं यायचं म्हणल्यावर आमी कुटं जावं?” साडूंची मान तिरपी. “न्हाई, आता लोकांनीच आग्रह केलाय.” लोक म्हणजे कोण, हे कुणी विचारत नसे. तिसऱ्या वेळेला साडू उसासा टाकून उठायचे, “तुमच्या शब्दाच्या भाईर कसं जावं,” म्हणायचे आणि मिरवत तहसीलला जाऊन माघारीवर सही करून यायचे. पैशाला त्यांनी कधी हात लावला नाही. एकाने पाकीट पुढे केलं होतं, त्याला त्यांनी जे न्हाई म्हटलं ते मात्र एकदाच म्हटलं. त्यांना नगरसेवक व्हायचंच नव्हतं. पाच वर्षांतून एक दिवस गावाने आपल्या दारात येऊन ‘घ्या की’ म्हणावं, एवढाच त्यांचा जाहीरनामा होता. आणि तो दर वेळी पूर्ण होत होता.

मागच्या निवडणुकीपर्यंत. त्या वेळी अर्जाच्या झेरॉक्स घेताना साडू छाती काढून मला म्हणाले, “पाव्हणं, नारायणगडाची आण, ह्या टायमाला माघार न्हाई. कुणी पाय धरू द्या.” आता तीनदा विचारायचं हे मला जेवणाच्या बाबतीत पाठ झालं होतं. राजकारणालाही तोच नियम लागू आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझा ऊर अभिमानाने भरून आला. दोनच दिवसांनी समोरचे उमेदवार, म्हणजे रस्त्याची कामं घेणारे एक ठेकेदार, दुकानात आले. “तुमचे साडू काय म्हणत्यात? शाल घेऊन येऊ ना नेहमीसारखा?” मी त्यांना काउंटरवरून वाकून खासगीत सांगितलं, “उगं येऊ नका. माणूस पेटलाय. गडाची आण घेतलीय.” ठेकेदारांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, “बरं झालं सांगितलं, माझा अपमान वाचला.” आणि मी, गावातला एकमेव माणूस ज्याने साडूंचं न्हाई जसंच्या तसं पोचवलं, दिवसभर शिट्टी वाजवत लॅमिनेशन करत बसलो.

माघारीच्या दिवशी दुपारी मी अभिनंदनाचे पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. अंगण शेणाने सारवलेलं. शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणून मांडलेल्या. साडूंचा सदरा इस्त्रीचा, टोपी नवी. माझ्या गाडीचा आवाज ऐकून ते घाईने आत जाऊन बसले, म्हणजे बोलवावं लागावं. मी दिसल्यावर बाहेर आले आणि माझ्या मागे रस्त्याकडे बघत म्हणाले, “वाटंत कोण दिसलं का?”

“कोण दिसणार?”

“न्हाई, सहज. ठेकेदार-बिकेदार.”

“ते कशाला येतील? मी सांगितलंय ना त्यांना, दाजींची आण हाय म्हणून.”

अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, आतून दुधाचं पातेलं घेऊन येत होती. ती उंबऱ्यातच थांबली. साडू खाली बसले. एक शेळी तेवढी ओरडली. मग अक्का मला म्हणाली, “भावजी, तुमाला शिकिवलं त्या माझ्या भनीचं काय चुकलं हो?”

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. तीनला अजून वेळ होता. मी घाईघाईने म्हणालो, “दाजी, चला, गाडीवर बसा. माघार घ्या.” साडूंची नजर जमिनीकडे. “न्हाई.” मी म्हणालो, “घ्या की दाजी, माझं ऐका.” हात छातीपर्यंत. “न्हाई, आता कशाला.” आता तिसऱ्यांदा. मी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि खिशातला फोन वाजला. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं आणि हाताखालच्या पोराला मशीनमधला अडकलेला कागद काढता येत नव्हता. मी अंगणाच्या कडेला जाऊन त्याला कोणतं झाकण उघडायचं ते समजावून सांगत बसलो. झाकणं चार असतात. परत आलो तेव्हा साडू खुर्च्या एकात एक घालून शेजाऱ्यांकडे पोचवायला निघाले होते. तीन वाजून गेले होते.

निशाणी मिळाली नारळ. आयुष्यभर जो हातात घेऊन घरी आले तोच. मी पापक्षालन म्हणून प्रचारप्रमुख झालो, आणि मग मला कळलं, की ज्याने जन्मभर फक्त आग्रह करून घेतला त्याला मागता येत नाही. दारात गेलो की घरचे म्हणायचे, “या, चहा घ्या.” साडू, “न्हाई, न्हाई.” तिसऱ्यांदा चहा व्हायचा, पावसापाण्याच्या गोष्टी व्हायच्या आणि आम्ही मत न मागताच बाहेर. मी मागून कोपर मारायचो, “दाजी, मत.” तर ते यजमानाला म्हणायचे, “मताचं काय एवढं न्हाई.” एका म्हातारीची मुलं-सुना ऊसतोडीला गेलेली, ती एकटीच ओट्यावर. तिनेच विचारलं, “बाबा, मत द्यायचं कशाला ते तरी सांग.”

साडू लाजले. “नारळाला. म्हंजी, जमलं तर. न्हाई तर ऱ्हाऊ द्या.”

म्हातारी म्हणाली, “एवढ्या वर्सांत पैल्यांदा काय तरी मागायलास, आन तेबी ऱ्हाऊ द्या म्हणून?”

साडू तिथून निघाले ते थेट गल्लीच्या टोकाला थांबले. म्हणाले, “पाव्हणं, मागायला लई जड हाय बगा. माझ्याकडं येणारी माणसं कशी मागत असतीन?”

डिपॉझिट गेलं. ठेकेदार गुलालात न्हाऊन निघाले. पण नारळाला त्यांच्या भावकीहून जास्त मतं पडली होती, आणि त्याने साडू हरण्यापेक्षा जास्त अस्वस्थ झाले. संध्याकाळी अंगणात बसून मला पुन्हापुन्हा विचारत होते, “ही कोण माणसं असतीन? म्या तर धड मागितलंबी न्हाई.” पुढे कित्येक महिने ते रस्त्याने जाताना समोरच्या माणसाकडे असं बघायचे, जणू याचं काहीतरी देणं राहिलंय.

परवाच्या निवडणुकीत त्यांनी अर्ज भरला नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. माघारीच्या शेवटच्या दिवशी मला दुकानात बसवेना. समोर तहसीलच्या आवारात गर्दी, शाली, मोटारी. मी शटर ओढलं, बाजारातून एक शाल आणि एक नारळ घेतला आणि त्यांच्या अंगणात गेलो. साडू दोर वळत बसले होते. टोपी जुनी. गुडघे आता त्रास देतात, त्यामुळे उठले नाहीत.

मी म्हणालो, “दाजी, माघार घ्या.”

“कशातून? म्या अर्जच न्हाई भरला.”

“मागच्या टायमाची. दोनदा विचारून झालंय. तिसऱ्यांदा विचारायचं माझ्याकडून राहिलं होतं.”

त्यांनी दोर बाजूला ठेवला. मान तिरपी झाली. नजर जमिनीकडे गेली. अक्का दारात येऊन उभी होती. साडूंनी उसासा टाकला, पण तो नेहमीचा नव्हता. “तुमच्या शब्दाच्या भाईर कसं जावं,” ते म्हणाले, आणि शाल अंगावर घेता यावी म्हणून जरा पुढे वाकले.

मी नारळ त्यांच्या हातात दिला आणि निघालो.

“थांबा, चहा घ्या,” साडू म्हणाले.

“न्हाई, दुकान बंद ठेवून आलोय.”

“बसा की.”

“न्हाई दाजी, गिऱ्हाईकं—”

“पाव्हणं,” साडू म्हणाले, “बसा.”