काकूंची मंगलाष्टकं आणि बंद पंखा

“शशी, तंबोरा कुठे गेला रे?”

काकूंनी हे विचारलं तेही कुजबुजत. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांच्यापाशी एवढाच आवाज उरलाय. स्पीकरमधून मात्र त्यांचाच जुना, खणखणीत आवाज येत होता. मंगलाष्टकं. पण नुसता गळा, खाली सूर नाही.

माझा दुर्गापुऱ्यात छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. वडील रेल्वेत होते, बदली होऊन सांगलीकडून जयपूरला आले आणि आम्ही इथलेच झालो. काकूंचे यजमान बँकेत. एकेकाळी इथल्या मराठी घरात लग्न निघालं की मंगलाष्टकं काकूच म्हणणार, हे ठरलेलं असायचं. माझ्या लग्नातही त्याच होत्या. आता त्यांच्या नातीचं, सईचं लग्न होतं. जगाच्या मुली उजवल्या आणि घरच्या मुलीच्या वेळी गळा नाही, हे त्यांना फार लागलं होतं.

मंगलाष्टकं आम्ही पूर्वी रेकॉर्ड केली होती. सीडी केव्हाच घासून गेली. माझा जुना कॉम्प्युटर यंदाच्या उन्हाळ्यात गचकला, हार्ड डिस्क तेवढी वाचली. नव्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिला माझं जुनं सॉफ्टवेअर चालत नाही. नवंच घ्या म्हणते. तोरा तरी किती!

थोडं समजावून सांगतो. प्रोजेक्ट फाइलमध्ये गाणं नसतंच, नुसत्या सूचना असतात. हा आवाज इथे लाव, तो तिथे काप, हा जरा बारीक कर. खरे आवाज वेगळ्या फोल्डरमध्ये. जुन्या सूचना नव्या सॉफ्टवेअरला वाचता येईनात. म्हणून काकूंचा आवाज आला, पण कच्चा, न कापलेला. तंबोरा तर मी कधी रेकॉर्डच केला नव्हता. तो प्लगइन होता, म्हणजे सॉफ्टवेअरच्या पोटातला छोटा प्रोग्रॅम, तिथल्या तिथे तंबोरा वाजवणारा. तो जुन्या सिस्टिमबरोबर गेला.

“त्यात काय, नवा लावू,” मी ऐटीत म्हणालो.

काकू काळी पाचच्या पट्टीत गायच्या. नव्या तंबोऱ्यावर काळी पाच लावली आणि दोन्ही एकत्र सोडले. अरे देवा! दोघं एकमेकांशी भांडायलाच लागले.

सईने माझ्याकडे बघितलं. “काका, मतलब... आजी बेसूर गायची?”

काकूंनी मान खाली घातली. मला असा राग आला! सईचा नाही, त्या मशीनचा. सेटिंग्ज पुन्हा तपासल्या. वेग बरोबर, फाइल बरोबर. तरी जमेना.

“राहू दे रे,” काकू पुटपुटल्या. “माझंच चुकत असेल तेव्हा. लोक चांगुलपणाने काही बोलले नसतील.”

आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली. काकू मशीनच्या सुरात गायल्या होत्या कधी? स्टुडिओत आल्या की आधी आपली पेटी उघडायच्या. मिरजेहून आणलेली, जुनी, सूर किंचित उतरलेला. मी म्हणायचो, काकू, ट्यून करून घ्या. त्या म्हणायच्या, “तुझ्या मशीनला सांग माझ्या पेटीशी जुळवून घ्यायला.” मग मी मुकाट तंबोरा खाली उतरवायचो. ती सूचनाही जुन्या फाइलमध्येच अडकली होती.

“सई, आजीची पेटी घेऊन ये बघू!”

काकूंच्या गोपालपुऱ्यातल्या घरून ऑटोने पेटी आली. ऑपरेशन झालं तेव्हा सई पाळण्यात होती, तेव्हापासून पेटी कुणी उघडली नव्हती. काकूंनी भाता मोकळा केला, काळी पाच दाबली. मी आवाज सोडला. तिळाइतकाही फरक नाही! सईने आजीला मिठीच मारली.

“आता मोजून तंबोरा उतरवतो,” मी म्हणालो.

“तंबोरा नको. सूर मी धरते. गळा गेलाय, हात नाही गेले.”

माईक लावला, तिघांनी हेडफोन घातले, मी सवयीने पंखा बंद केला. त्याची घरघर माईकमध्ये येते. जयपूरच्या मे महिन्यात बंद पंखा म्हणजे काय, ते विचारू नका. काकू घामाने निथळत शेवटपर्यंत सूर धरून बसल्या. गळा तेव्हाचा, हात आजचे. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

शेवटचं ‘सावधान’ झालं. मी स्टॉप दाबणार, तेवढ्यात हेडफोनमध्ये जुन्या काकू कडाडल्या, “शशी, पंखा लाव रे आता! जीव घेतोस का?”

हे वाक्य मी तेव्हा कापलं होतं. कापायची सूचना गेली, म्हणून वाक्य परत आलं.

“आजी, तू अशी बोलायचीस?” सई म्हणाली. तिने आयुष्यभर फक्त कुजबुज ऐकली होती.

मी ते कापायला माउस हातात घेतला. तिने माझं मनगट धरलं. “नको ना काका.”

लग्नात अंतरपाट उडू नये म्हणून मांडवातला मोठा पंखा बंद ठेवला होता. शेवटचं ‘सावधान’ झालं, अक्षता पडल्या, आणि स्पीकरवर काकूंची हाक घुमली. आमच्या पिढीतले सगळे हसत होते आणि डोळेही पुसत होते. मांडववाल्या भैयाने दचकून खरंच पंखा लावला.

धंद्यातला धडा एवढाच. सिस्टिम बदलण्याआधी प्लगइनचा प्रत्येक आवाज रेकॉर्ड करून ठेवा. आणि जे कापलंत, ते फेकू नका.