टोपल्याच्या तळाची गाणी

हमीदनं मला फसवलं. एकदा नाही, दोनदा, आणि दोन्ही वेळा एकाच कॅसेटवर. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढं त्याच्याबद्दल माझ्या हातून चार बरे शब्द लिहिले जातील आणि ते वाचून कुणी म्हणेल, बालाजी निवळला. बालाजी निवळलेला नाही.

औरंगाबादच्या बसस्टँडवर मला सोडायला दोघंच आले होते, आई आणि हमीद. गावाचं नाव आता बदललंय, पण मी निघालो ते औरंगाबादहून. मुंबईची गाडी लागली होती, तिथून विमान आणि पुढं मस्कत. मस्कत म्हणजे काय हे आम्हा तिघांनाही ठाऊक नव्हतं. आईनं खिडकीतून धपाट्यांचं फडकं आत सरकवलं आणि म्हणाली, "टायमावर जेवत जा. अन् लोकायशी लई भांडू नको." हमीदनं एक कॅसेट माझ्या खिशात कोंबली. "दिल नै लगा तो ये लगा," म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. गाडी सुटेपर्यंत हसतच होता. मग तोंड फिरवून उभा राहिला.

शहागंजात त्याचं कॅसेटा भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी आणून द्यायची, हमीद आपल्या तबकड्यांवरून ती गाणी उतरवून द्यायचा. समोर फुटपाथवर आई बसायची. सीझनला दौलताबादकडची सीताफळं, एरवी पेरू नाहीतर बोरं. बाकीच्या बायका टपोरी फळं वर मांडायच्या. आई गिऱ्हाइकापुढं अख्खं टोपलं उलटं करायची. "खालची बी बघून घ्या. मागून बोलायचं नाय." तिच्या त्या धंद्यावर मी वाढलो. भाव करायला तिच्याकडूनच शिकलो. तिच्याइतका सरळ राहिलो असं म्हणत नाही.

हमीद आणि मी एकाच संगीतकाराचे भक्त. त्याचं नाव लिहीत नाही, माझं भांडण त्याच्याशी नाही. मुखडा संपला की अंतरा सुरू होण्याआधी तो एक श्वासभर सगळं थांबवायचा आणि मग एकटं मेंडोलिन यायचं. त्या एका श्वासात आम्ही दोघं दुकानात पुतळ्यासारखे उभे राहायचो, गिऱ्हाईक खोळंबलं तरी. हमीदचं एकच म्हणणं होतं: "उसका एक गाना फीका दिखा, मैं दुकान बंद करता." मीही तेच म्हणायचो.

मस्कतला वादी कबीरमध्ये मी ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात हमाल म्हणून लागलो. पुढं तिथंच स्वतःचं दुकान टाकून मालक झालो. कागदावर मालक माझा कफील, तो ओमानी, ज्याच्या नावावर परवाना आणि ज्याच्या कपाटात माझा पासपोर्ट. पण काउंटरवर मी. बेअरिंग कानाशी धरून फिरवलं की ओरिजिनल की डुप्लिकेट हे मला डोळे मिटून कळतं. बलुची ट्रकवाले माझ्याशी भाव करायला दोघंदोघं मिळून यायचे. माझ्या कानांबद्दल मला गुर्मी होती, आणि आहे.

गावाकडून कुणी येणार असलं की हमीद त्याच्याबरोबर कॅसेट पाठवायचा. दोन्ही बाजूंना आमच्या संगीतकाराची गाणी. शेवटी हमीद दोनचार बातम्या सांगायचा आणि मग आईचा आवाज यायचा. आईला लिहितावाचता येत नव्हतं, घरात फोन नव्हता. गावाकडे जाणाऱ्याबरोबर मीही माझा आवाज भरून पाठवायचो. मी आणि घर, यांच्या मधे हा एकच माणूस होता.

खोलीत नगरचा शिंदे नावाचा फिटर होता. एकदा कॅसेट ऐकता ऐकता तो म्हणाला, "तुमचा हा बाबा आता संपलाय. दोन वर्षांत एक धड चाल नाही. डबा नवा, माल जुना." मी म्हणालो, तुझा कान सडलाय. तो म्हणाला, तुला कुणीतरी निवडून गाणी पाठवतंय. मी त्याची कॉलर धरली. माझ्याकडे पन्नासच्या वर कॅसेटा होत्या, त्यांत एक गाणं फिकं नव्हतं. याहून मोठा पुरावा काय हवा होता? शिंदेनं खोली बदलली. मी त्याला हाक मारून थांबवलं नाही.

मग एकदा टॅक्सीत रेडिओ लागला होता. मुखडा, तो थांबा, आणि मग मेंडोलिन. हात त्याचाच होता. पण त्या थांब्यात आता कशाची वाट बघायची नव्हती. सवय होती म्हणून तो थांबला होता. मी टॅक्सीवाल्याला रेडिओ बंद करायला लावला आणि हमीदला उलटी कॅसेट भरून पाठवली: हे त्याचं आहे का, खरं सांग. त्याचं उत्तर कॅसेटवरच आलं. "अबे यारा, वो असिस्टंट का होगा. उस्ताद को बदनाम नक्को कर." मी मान्य केलं. डुप्लिकेट माल ओळखणारा माणूस डुप्लिकेट उत्तर घेऊन गप्प बसला.

त्याच कॅसेटच्या शेवटी आई होती. "बरी हाय मी. गुडघे दुखत्यात, ते दुखायचेच. टायमावर जेवत जा. दुकानाची लई घाई करू नको." मागं हातपंपाचा आवाज, तीनदा कुईकुई, मग कुणीतरी बादली आपटलेली. त्याआधीच्या कॅसेटवरही आई गुडघ्यांचंच बोलली होती. त्याच्या आधीही. आता सांगतो, कुणाला लपवून उपयोग नाही: मला तिचं तेच ते वाटायला लागलं होतं. दिवसभर दुकानात उभा राहून आलो की मी तेवढी टेप पुढं पळवायचो.

पहिल्या सुट्टीनंतर साडेतीन वर्षं मी घरी गेलो नव्हतो. दुकान उभं राहिलं, कफीलानं पासपोर्ट काढून दिला, आणि मी न कळवता निघालो. बॅगेत सगळ्यात नवी कॅसेट होती, दोन महिन्यांपूर्वी आलेली. हमीदपुढं टॅक्सीतल्या गाण्याचा विषय काढून त्याला उभा चिरायचा, असं विमानात बसून ठरवलं होतं.

घरात शिरलो तर आई खाटेवर. उजवं अंग गेलेलं, तोंड वाकडं. माझ्याकडे बघून घशातून आवाज काढला, तो शब्द नव्हता. आईजवळ राहणारी माझी मावशी चुलीजवळून उठून आली. मी विचारलं, "कधी झालं?" ती म्हणाली, "आरं, दोन वर्सं होऊन गेली की. वाचा बी तवाच गेली. हमीदनं कळवलं नाय व्हय?"

मी बॅगेतली कॅसेट काढून हातात धरली. दोन महिन्यांपूर्वीची. गुडघे दुखत्यात, ते दुखायचेच. आई डाव्या हाताची पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेत होती आणि माझ्याकडे बघत होती. जेवलास का?

शहागंजात पोचलो तेव्हा हमीदच्या दुकानात गिऱ्हाईक होतं. मी त्याला बाहेर घालवलं. कॅसेट काउंटरवर आपटली. हमीदनं काही नाकारलं नाही. त्यानं खणातून एक टेप काढली, तिच्यावर उर्दूत 'अम्मा' लिहिलेलं होतं. आजारपणाच्या आधी भरलेला आईचा आवाज. तीच सात-आठ वाक्यं तो उलटसुलट जोडून दर कॅसेटच्या शेवटी उतरवत होता. प्रत्येक वेळी हातपंपाची तीच तीन कुईकुई माझ्या कानात गेली होती, आणि बेअरिंग ओळखणारे माझे हे कान काय करत होते!

मग माझी नजर त्याच्या मागच्या फळीवर गेली. आमच्या संगीतकाराच्या तबकड्यांची एक वेगळी चळत होती, यातलं एकही गाणं माझ्या कॅसेटांवर कधी आलं नव्हतं.

"ह्या कोणत्या?"

"फीके वाले," हमीद म्हणाला. "तुला कायकु पाठवायचे? परदेशात आदमी अच्छा सुने."

"आणि आईचं?"

"अम्मांनीच सांगितलं, बालाजीला कळवू नको. दुकान टाकतोय, सगळं सोडून येईल."

"वाचा गेली होती ना तिची? मग सांगितलं कसं?"

"हातानं."

"करून दाखव."

हमीदनं डावा हात वर केला. काउंटरच्या वर, छातीपर्यंत. तिथं तो थांबला. मग त्यानं तो हात खाली ठेवला आणि तबकड्यांवरची धूळ पुसायला लागला.

आता ते चार बरे शब्द. दोन वर्षं डॉक्टर हमीदनं आणला, औषध त्यानं आणलं, आईला उचलून दवाखान्यात त्यानं नेलं. मावशी सांगायची, रोज संध्याकाळी तो दुकान मिटून यायचा आणि माझी आलेली कॅसेट आईला लावून ऐकवायचा. मी पोटचा मुलगा असून जे करू शकलो नाही ते त्यानं केलं. हे मी कबूल करतो, आणि तरीही त्याला सोडत नाही. सेवा केली म्हणून खोटं बोलायचा परवाना मिळत नाही. वीस दिवस आईच्या खाटेपाशी काढून मी परत मस्कतला आलो, त्यानंतर नवव्या महिन्यात आई गेली.

येताना ती फिक्या गाण्यांची चळत मी उचलून आणली, 'अम्मा'ची टेपही. हमीद नको नको म्हणत होता, त्याचं ऐकलं नाही. मस्कतला ती गाणी एक-एक करून सगळी ऐकली. शिंदे बरोबर होता. आमचा संगीतकार फिका पडला होता, एका गाण्यात नाही, चांगल्या वीस-बावीस गाण्यांत. निर्मात्याची गाडी दारात उभी आहे म्हणून पेटीवर बसलेला माणूस ऐकू येतो. जुन्याच चालीची कड उसवून परत शिवलेली कळते. पण एका गाण्यात तो थांब्याच्या जागी थांबलाच नाही, सरळ पुढं गेला, जणू त्यालाच स्वतःची लाज वाटली. ते गाणं मी किती वेळा ऐकलं ते सांगत नाही. थकलेला माणूस मला थकलेला ऐकायचा होता. त्याच्यावर मी चिडलो असतो, भांडलो असतो, पण तो माझा होता, अख्खा.

जे माझ्यासारखे निघून आले त्यांना सांगतो, आणि जे मागं राहिले त्यांनाही. तुम्ही आम्हाला चांगलं चांगलं निवडून पाठवता, आम्ही इथं त्याचंच घर बांधतो, आणि कुणी खरं बोललं तर त्याची कॉलर धरतो. आमच्या वाट्याचं वाईटही पाठवा. आईची वाकडी जीभ, घशातला तो आवाज, तोही भरून पाठवायचा होता. तो मी पुढं पळवला नसता. आज घर म्हणून मला जे आठवतं ते त्या खाटेपाशी काढलेले वीस दिवस, आणि शहागंजात उलटं केलेलं टोपलं. सात-आठ वाक्यांची ती टेप माझ्याजवळ आहे. मी ती लावत नाही.

हमीदच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दर दिवाळीला त्याचा फोन येतो, दर ईदला मी करतो. गुडघे, साखर, नातवंडं, सगळं निघतं. गाणीही निघतात. तो अजून म्हणतो, उस्ताद का एक भी फीका नै. तेवढं बोलून झालं की दोघंही थांबतो, आणि त्या थांब्यानंतर दरवेळी तोच आधी फोन ठेवतो.

हमीद, आता फोन ठेवायचा नाही. माझ्या आईच्या पायाशी बसून तू दोन वर्षं काढलीस, तुलाच माहीत असणार. तिनं खरंच सांगितलं होतं, की तू ठरवलंस? तोंडानं सांगू नको, तोंडावर माझा विश्वास राहिलेला नाही. येत्या सुट्टीत मी शहागंजात येणार आहे. काउंटरच्या पलीकडे उभा राहा, डावा हात वर कर, आणि ती खूण पूर्ण करून दाखव.