चौदा चित्रांतला माणूस

मी नववीत असताना एका माणसाची उभं राहायची जागा माझ्यामुळे जायची वेळ आली होती. जागा म्हणजे काही मोठी नाही, आमच्या शाळेच्या फाटकासमोरच्या निंबाखालची दोन पावलं. पण त्याच्याकडे तेवढीच होती, आणि ती मी माझ्या अतिशहाणपणापायी धोक्यात घातली.

शाळा धुळ्याहून सोनगीरकडे जाताना हायवेला लागून होती. जुलैत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक व्हायची. सरांच्या मोबाइलवर मतदान, बोटाला मार्करची शाई, मग प्रार्थनेच्या वेळी शपथविधी. मुख्यमंत्री दहावीची एक मुलगी झाली. शिस्तमंत्री झाला तो मुलगा स्वतः आठवड्यातून दोनदा उशिरा येऊन ऑफिसबाहेर उभा असायचा. मी सांस्कृतिक मंत्री. छातीवर बिल्ला लागला आणि माझ्या डोक्यात हवा गेली, ती उतरायला डिसेंबर उजाडला.

स्नेहसंमेलनाच्या आधीच्या आठवड्यात स्पर्धा असत. रांगोळी, निबंध, हस्ताक्षर, टाकाऊतून टिकाऊ. पाचवी ते सातवीच्या लहान गटाला चित्रकलेच्या सरांनी स्मरणचित्र ठेवलं होतं, म्हणजे समोर काही न ठेवता आठवून काढायचं. विषय दिला ‘शाळा सुटली’. तिन्ही इयत्ता वेगवेगळ्या खोल्यांत, एकेक बाक सोडून बसवल्या, कारण आमच्याकडची पोरं डोंगरामागचा सूर्यसुद्धा शेजाऱ्याचा बघून काढतात. सगळे मिळून साठच्या वर कागद माझ्या ताब्यात आले. नावं मागे होती. पुढे नंबर चिकटवायचे आणि हॉलमध्ये सुतळीला चिमट्यांनी टांगायचे, हे माझं काम.

पहिल्या काही चित्रांत नेहमीचंच होतं. फाटक, दप्तरं, गोळेवाल्याची गाडी, लाल एसटी. मग एका चित्रात निंबाखाली सायकल धरून उभा असलेला माणूस दिसला. पांढरी टोपी, पांढरा सदरा. दोन कागदांनंतर पुन्हा तोच. मी म्हटलं, एकाच वर्गातली पोरं असतील. मागचं नाव पाहिलं तर एक पाचवीतला, एक सातवीतली. मी सगळा गठ्ठा परत उलटायला घेतला. तो पाचवीत होता, सहावीत होता, सातवीतही होता. कुणी त्याला बोटाएवढा काढला होता, कुणी फाटकापेक्षा उंच. जागा मात्र तीच, निंबाची डावी बाजू.

एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. मुलं गर्दीतल्या कुठल्याही माणसाला दोन ठिपके आणि एक हसरी रेघ देऊन टाकतात. गोळेवाल्याला ती होती, एसटीच्या ड्रायव्हरलाही होती. ह्या माणसाला एकानेही तोंड काढलं नव्हतं. टोपी आणि खाली सदरा, मध्ये कोरा कागद. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर कबड्डीचा आरडाओरडा चालला होता, तरी त्या हॉलमध्ये माझ्या अंगावर काटा आला.

मी मोजली तर अशी चौदा चित्रं निघाली. घाबरले होते, पण बिल्ला गप्प बसू देईना. इतर चित्रं मी कशीही टांगली आणि ही चौदा एका ओळीत, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर लावली. ओळीच्या कडेने चालत गेलं की वाटायचं, तो माणूस आपल्याबरोबर येतोय. पंखा लावला की सगळे कागद एकदम हलायचे. मला माझी मांडणी फारच आवडली.

कोण आहे हा, असं मी पाचवीतल्या तीनचार जणींना विचारलं. त्यांनी माझ्याकडे मी वेडी असल्यासारखं पाहिलं. तो तर रोजच असतो, म्हणाल्या. कुणाचे वडील? माहीत नाही. कुणाला न्यायला येतात? त्यावर एक जण खांदे उडवून म्हणाली, “कोनलेच नही.”

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मुद्दाम फाटकात थांबले. निंबाखाली कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. आमच्या आठवी ते दहावीतल्या कुणालाच तो माहीत नव्हता. मातीत मात्र सायकलच्या टायरची रेघ होती, निंबापाशी येऊन थांबलेली. मी दीड वर्ष रोज त्याच फाटकातून बाहेर पडत होते आणि तो माणूस मला एकदाही दिसला नव्हता. त्या तीन दिवसांत मी घरी जाताना मागे वळून पाहिलं नाही.

प्रदर्शनाला आया आल्या. परीक्षकांनी मांडणीचं कौतुक केलं. मी तोंडदेखलं लाजून दाखवलं. संध्याकाळपर्यंत एका आईने त्या ओळीचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, शाळेच्या गेटवर रोज हा कोण उभा असतो? रात्रीतून त्या माणसाच्या दहा गोष्टी झाल्या. कुणी म्हणालं पोरं पळवणारा, कुणी म्हणालं वेडा. फोटो माझ्या मांडणीचा होता. एकेका चित्राकडे कुणाचं लक्ष गेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक मॅडमनी मंत्रिमंडळाला ऑफिसात बोलावलं. फाटकावर त्याच वर्षी कॅमेरा बसला होता. मॅडमनी कॉम्प्युटरवर आदल्या दिवसाचं चित्रण लावलं. पाचला पाच मिनिटं कमी असताना तो आला. सायकल उभी केली नाही, धरूनच राहिला. पाचला घंटा झाली, पोरं बाहेर आली, त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेली. पाच वाजून सात मिनिटांनी तो सायकल वळवून निघाला. मॅडमनी त्याच्या आधीचा दिवस लावला. पाचला पाच कमी. त्याच्या आधीचा. पोरांचे कपडे बदलत होते, स्वेटर येत-जात होते, तो तिथेच. प्रत्येक दिवशी त्याची मान खाली, येणाऱ्या प्रत्येक मुलीकडे वळणारी. टोपीखाली तोंड दिसतच नव्हतं. पोरांनी जे पाहिलं होतं तेच काढलं होतं.

मला का दिसला नाही, तेही तेव्हा कळलं. लहान गट पाचला सुटायचा. आम्हाला आठवीपासून वीस मिनिटांचा जादा तास होता. आम्ही बाहेर यायच्या आत तो निघून जायचा. इतकी साधी गोष्ट होती.

मॅडम म्हणाल्या, पालक विचारताहेत, मी काय उत्तर देऊ? शिस्तमंत्र्याने तत्परतेने सुचवलं की ‘फाटकासमोर थांबू नये’ असा बोर्ड लावावा आणि त्या माणसाला हाकलावं. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. बोर्ड मी रंगवावा असंही ठरलं, कारण माझं अक्षर चांगलं.

शाळेचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो, ते मॅडमसाठी चहा घेऊन आत आले होते. त्यांनी कप ठेवला आणि तिथेच थांबले.

“तो कोनले काय करस, मॅडम? उभा ऱ्हास न निंघी जास,” ते म्हणाले. “त्यानी आंडेर आठेच व्हती. सातवीमा. दिवाईले वारनी ती.”

मग ते माझ्याकडे वळले. “हिनाजोडे बसे.”

त्याची मुलगी सातवीत माझ्याच बाकावर बसायची. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ती आठ दिवस तापाने फणफणली आणि गेली. त्यांचा मळा हायवेच्या पलीकडे होता. ट्रकांची भीती म्हणून वडील रोज सायकल घेऊन तिला रस्ता ओलांडून न्यायला यायचे. भीती हायवेची होती आणि मुलगी घरातल्या खाटेवर गेली. सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा आम्ही दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो, मी हमसून रडले, आठवड्याभरात माझ्या बाकावर दुसरी मुलगी आली. तिच्याशी माझं छान जमलं. मी खरं सांगते, नववीच्या त्या डिसेंबरपर्यंत मला तिची वर्षभर आठवणही आली नव्हती. तिचे वडील चौदा चित्रांत समोर उभे होते तरी मी ओळखले नाहीत.

आबांनी सांगितलं की दिवाळीनंतर तो माणूस बरेच महिने दिसला नाही. जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्या दिवशी पाचला तो निंबाखाली हजर होता. तोवर आम्ही आठवीत गेलो होतो.

मॅडम वाईट नव्हत्या. पण लहान मुलांच्या आया घाबरल्यात, सकाळपासून फोन येताहेत, असं म्हणाल्या. शेवटी माझ्यावर आलं. “तू तिची मैत्रीण होतीस. तूच समजावून सांग त्यांना, की येऊ नका. माझ्या तोंडून बरं दिसणार नाही.” माझ्या तोंडून बरं दिसेल, असं त्यांना का वाटलं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी मी जादा तास सोडून पाचच्या आधी फाटकात गेले. तो आला. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे दोनदा पाहिलं, मग निंबाखाली येऊन थांबला. मी जवळ गेले. घंटा झाली, पोरं सुटली, आणि त्याची नजर मी जवळून पाहिली. ती माझ्या छातीच्या उंचीवर होती. सातवीतल्या मुलीचं तोंड जिथे येतं तिथून ती वर येतच नव्हती. मी समोर उभी होते आणि तो माझ्या बिल्ल्याकडे बघत होता.

“नाना,” मी तिच्यासारखीच हाक मारली.

त्याने मान वर केली. तोंड साधंच होतं, दाढीचे खुंट वाढलेलं, उन्हाने रापलेलं. त्याला मला ओळखायला वेळ लागला. मग डोळे बारीक करून म्हणाला, “कितली मोठी व्हयनी वं तू.”

पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडातून निघेना. त्यानेच विचारलं, आता कोणत्या वर्गात आहेस? मी म्हणाले, नववीत. लहान पोरं आमच्या बाजूने धावत गेली, त्यांच्याकडे त्याने पहिल्यांदाच पाहिलं नाही.

“नववी कव्हय सुटस?” त्याने विचारलं.

मी सांगितलं, पाच वीसला. जादा तास असतो.

“मंग मी लवकर येस ना,” तो म्हणाला. चूक लक्षात आल्यासारखा, थोडासा ओशाळून. एवढं बोलून त्याने सायकल वळवली.

मी तिथेच उभी राहिले. डिसेंबर होता तरी माझी पाठ घामाने ओली झाली होती. त्याला मुलगी गेल्याचं माहीत नव्हतं असं नाही, अग्नी त्यानेच दिला होता. तरी त्याने वेळ विचारली आणि मी ती सांगितली.

दुसऱ्या दिवशी पाचला कॅमेऱ्यात निंबाखाली कुणी नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मॅडमनी मला बोलावून शाबासकी दिली, छान समजावलंस म्हणाल्या, बोर्डाची गरज उरली नाही. मॅडमची गाडी पाच दहाला निघायची. पाच वीसला आम्ही बाहेर आलो तेव्हा तो निंबाखाली उभा होता, मान वर करून.

पहिले काही दिवस मुली घाबरल्या. दोघी मागच्या तारेच्या कुंपणातून जाऊ लागल्या. तो एकेकीचं तोंड बघायचा, घाईने नाही, आणि शेवटची गेली की निघायचा. कुणाशी बोलायचा नाही. मलाही भीती वाटायची. मी रोज त्याच्यासमोरून जायचे आणि रोज वाटायचं की माझ्या शेजारून कुणीतरी चालतंय. पण मग काय झालं सांगता येत नाही. आमच्या वर्गातल्या मुली निंबापाशी आल्या की पावलं हळू करू लागल्या. बोलणं थांबायचं, स्कार्फ तोंडावरून खाली यायचे. एकेक जण मान वर करून त्याच्यासमोरून जायची. असं करायचं कुणी ठरवलं नव्हतं. कुंपणातून जाणाऱ्या दोघीही परत फाटकातून येऊ लागल्या.

दहावीतही तो येत राहिला. वेळ तीच होती, म्हणून त्याने काही विचारलं नाही.

निरोप समारंभाच्या दिवशी आम्ही उशिरा सुटलो. साड्या, फोटो, रडारडी, सरांच्या सह्या. मी हॉल आवरायला मागे थांबले होते, त्यामुळे सगळ्यांत शेवटी बाहेर पडले. सहा वाजून गेले होते. तो निंबाखालीच होता. मी समोर आले तेव्हा त्याने माझं तोंड पाहिलं, मग माझ्या मागे रिकाम्या पायवाटेकडे पाहिलं.

“आते बठ्ठ्या निंघी गयात ना?” त्याने विचारलं.

मी मागे वळले. व्हरांड्यात आबा वर्गांना कड्या लावत होते. दुसरं कुणी नव्हतं.

“हो नाना,” मी म्हणाले. “बठ्ठ्या गयात.”

त्याने मान हलवली, सायकल वळवली आणि तो गेला. परीक्षा संपल्या, जून आला, शाळा उघडली. दाखला न्यायला गेले तेव्हा मी आबांना विचारलं, तर ते म्हणाले की त्या दिवसानंतर तो निंबाखाली आलाच नाही. शाळेने त्याला हाकललं नव्हतं. सगळ्या गेल्या, असं मीच त्याला सांगितलं होतं.