आबांनी न दिलेली बातमी

आबा गेल्याचं मला कळलं ते एका विनंतीतून. सकाळची वेळ होती, मी जळगावच्या आमच्या कोर्टवर पाणी मारत होते. उन्हाळ्यात ही लाल माती चांगली भिजवल्याशिवाय चेंडू धड उसळत नाही. फोन वाजला. पलीकडे एक तरुण मुलगा होता, आबांच्याच वर्तमानपत्रातला. "मॅडम, आमचे जुने क्रीडा प्रतिनिधी आबा पाटील यांचं निधन झालं. तुमची प्रतिक्रिया हवी होती, दोन ओळी चालतील." मी विचारलं, कधी? "पहाटे, पारोळ्याला. झोपेतच गेले... तुम्ही लगेच दिलीत तर वेबसाइटवर टाकता येईल." पोराचा काही दोष नव्हता, त्याला त्याची वेळ गाठायची होती. मी फोन ठेवला. पाइपचं पाणी एकाच जागी पडत राहिलं आणि बेसलाइनपाशी चांगला चिखल झाला. आबा असते तर आधी हसले असते, कारण त्यांच्या मरणाची बातमीसुद्धा माझ्याकडे प्रतिक्रिया मागतच आली. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. आज लिहिते आहे ती त्या मुलाला हवी होती ती प्रतिक्रिया नव्हे. आबांच्या हातात आलेली आणि त्यांनी कधीच न दिलेली एक बातमी आहे, ती मी देते आहे.

आम्ही मूळचे फैजपूरकडचे. बाबा केळीच्या गाड्या भरून देण्याच्या कामात होते, त्यासाठी जळगावला आले आणि पिंप्राळ्यात घर केलं. टेनिस आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं. क्लबच्या कोर्टवर मी रॅकेट धरली ती शेजारच्या वकिलीणबाईंच्या मुलीला जोडीदार हवी म्हणून, आणि मग ती मुलगी सुटली, मी अडकले. तेव्हा जिल्ह्याच्या पेपरात खेळाचं पान म्हणजे कबड्डी, कुस्ती आणि गल्लीतलं क्रिकेट. ते सगळं आबा एकटे सांभाळायचे. घर पारोळ्याला, नोकरी जळगावला, रोज एसटीने जाणं-येणं. खांद्याला शबनम आणि हातात पितळेचा फिरकीचा तांब्या. झाकण फिरवून लावायचा, जुन्या प्रवासी माणसांकडे असायचा तसला. बाटल्यांच्या काळात तो तांब्या बघून आम्ही पोरी फिदीफिदी हसायचो. आबांना त्याचं काही वाटायचं नाही.

पहिल्यांदा ते माझ्यासाठी आले त्या दिवशी मी हरले होते, तीही जिंकत आलेली मॅच. बाबा जाळीपाशी तोंड फुगवून उभे, वकिलीणबाई "अगं पण असं कसं" म्हणत होत्या आणि मी बाकावर टॉवेलात तोंड खुपसून बसले होते. आबा आले आणि माझ्याशेजारी बसले. तांब्याचं झाकण फिरवलं, पेला भरला आणि पुढे केला. "आधी पानी पे, बेटा. बातमी कोठे पयी नही जात." बातमी कुठे पळून जात नाही म्हणे. मी पाणी प्यायले. नंतर त्यांनी विचारलं ते इतकंच, की ही माती कुठून आणतात. दुसऱ्या दिवशी पेपरात माझ्या हरण्याच्या तीन ओळी होत्या आणि कोर्टच्या मातीवर मोठा मजकूर. मी जाम खूश झाले होते.

पुढे मी पुण्याला गेले आणि तिथून स्पर्धांच्या मागे देशोदेशी. व्यावसायिक टेनिसबद्दल आपल्याकडे लोकांना वाटतं की विमानं आणि झगमगाट. खालच्या क्रमांकाच्या खेळाडूचं आयुष्य म्हणजे एकटीने धुतलेले कपडे, परक्या गावातली खोली आणि दर आठवड्याला हरणं, कारण स्पर्धा जिंकणारी एकच असते, बाकीच्या सगळ्या कधी ना कधी हरूनच घरी जातात. हे मला झेपत होतं. झेपलं नाही ते हरल्यानंतरचं बोलणं. मोठ्या स्पर्धांत नियम असतो, मॅच संपली की पत्रकारांनी बोलावलं तर खेळाडूने जायचं. जिंकलेलीने जायचं, हरलेलीनेही जायचं. अंगावरचा घाम वाळायच्या आत. नाही गेलात तर दंड, आणि दंडाहून वाईट म्हणजे बोभाटा. पत्रकारांचं काम मला समजतं. तेच नसते तर जळगावच्या पोरीला कोण ओळखणार होतं? पण माणसाला तोंड आहे म्हणजे ते कुठल्याही वेळी उघडतंच असं नसतं.

एक मोठी स्पर्धा आपल्याच देशात होती, थंडीचे दिवस होते आणि मला आयत्या वेळी मुख्य फेरीत खेळायला मिळालं होतं. जळगावहून दोन गाड्या भरून माणसं आली होती. मी जिंकायच्या टोकाला पोचले आणि तिथून हरले. त्यानंतर मला एका टेबलामागे बसवलं, समोर माइकांची रांग. एकाने विचारलं, "शेवटच्या सर्व्हिसला तुमच्या डोक्यात नेमकं काय चाललं होतं?" प्रश्न साधाच होता. मी उत्तर द्यायला गेले आणि श्वास आत जाईना. छातीवर कुणी केळीचा भरलेला घड आणून ठेवावा तसं झालं. हातांना मुंग्या आल्या, समोरचे चेहरे लांब गेले... मी उठले आणि चालू लागले. खुर्ची पडली. तेवढाच तुकडा फोनाफोनांवर फिरला, ती पडलेली खुर्ची आणि माझी पाठ. "पराभव पचेना", "नखरे", "मग्रुरी". पुढच्या स्पर्धेतून मी नाव काढून घेतलं आणि थेट पिंप्राळ्याला येऊन अंथरुणात शिरले.

पाठोपाठ वाहिन्यांच्या गाड्या आल्या. इथे माझ्या आईने जो घोळ घातला तो फक्त आमच्याकडचीच आई घालू शकते. दारात उभ्या असलेल्या माणसांना तिने ओट्यावर बसवलं, सतरंजी घातली, चहा दिला, मग पोहे दिले. बाबा आतून दात-ओठ खात होते. आई म्हणाली, "दारात आल्या मानसाले चहाबी नाही द्याचा का?" आता ज्याला पोहे मिळतात तो कशाला उठतो? दुपारपर्यंत ओट्यावर जत्रा भरली. खिडकीच्या फटीतून कॅमेरे आत बघायला लागले. मी पलंग आणि भिंतीच्या मधल्या जागेत जमिनीवर बसून होते. तेवढ्यात आबांचा आवाज आला. "उपाशी माणसाला आमच्याकडे मुलाखत देत नाहीत. पोहे म्हणजे काय जेवण आहे का? चला मळ्यात, भरीत खायला." मुलगी मळ्यात आहे असं ते म्हणाले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत. सगळा लवाजमा त्यांच्या मागे फैजपूरच्या रस्त्याला लागला. तिथे त्यांच्या मित्राच्या मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली गेली, भरीत ठेचलं गेलं, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, म्हणजे कळण्याच्या पुऱ्या तळल्या गेल्या. केळीच्या पानांवर पंगत बसली तोवर बाबांनी मला गाडीत घालून पारोळ्याला आबांच्या घरी सोडलं होतं.

काकूंनी, म्हणजे आबांच्या पत्नीने, दार उघडलं. "ये व माय, बस," म्हणाल्या आणि तोच तांब्या... नाही, तो आबांबरोबर होता. साधा स्टीलचा पेला दिला. त्या घरात मी किती दिवस राहिले ते मोजलं नाही. कुणी काही विचारलं नाही. काकू शेंगा फोडायला द्यायच्या, मी फोडायची. आबा संध्याकाळच्या एसटीने आले की आम्ही किल्ल्यापर्यंत चालत जायचो, खंदकाच्या कडेला बसायचो. ते कापसाच्या बाजाराचं बोलायचे. अशाच एका संध्याकाळी मी आपण होऊन बोलायला लागले. मला खूप महिन्यांपासून झोप नव्हती. मॅचच्या आधी नव्हे, मॅचनंतरच्या त्या खोलीच्या विचाराने मला उलटी व्हायची. जिंकत असतानाही मनात यायचं की आता तिथे जाऊन बसावं लागणार, आणि मग हात हलायचा नाही. पुण्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, हा आजार आहे असं स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी ते आईबाबांपासूनही लपवलं होतं. हे सगळं त्यांना सांगितलं. एकदा तर मला बसखाली जावंसं वाटलं होतं, तेही सांगितलं. आबांनी तांब्याचं झाकण फिरवलं, मला पाणी दिलं आणि स्वतःही प्यायले. मी विचारलं, "छापणार का?" ते म्हणाले, "तू हाई माले सांगं, पेपरले नही." मी त्यांना सांगितलं होतं, पेपरला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी टाकली आणि मला घेऊन पुण्याला डॉक्टरांकडे गेले. बाहेरच्या बाकावर दिवसभर बसून राहिले.

मी त्यांच्या घरी होते हे लपून राहणारं नव्हतं. सगळे ज्या मुलीला शोधत होते ती आबांच्या ओसरीवर शेंगा फोडते आहे आणि अंकात एक ओळ नाही, हे संपादकांना कसं रुचावं? त्यांनी सगळ्यांसमोर जाब विचारला. आबा म्हणाले, "ती पाहुणी आहे, बातमी नाही." हे मला त्यांच्या एका सहकाऱ्याने फार उशिरा सांगितलं. त्यानंतर आबांची धुळ्याला बदली झाली. खेळाचं पान गेलं, बाजारभाव आणि निधनवार्ता आल्या. पारोळा मधोमध असल्यामुळे त्यांनी फक्त एसटीची दिशा बदलली, असं ते हसत सांगायचे. मागे मात्र लोक म्हणायचे, घरात बातमी होती आणि म्हाताऱ्याला कळली नाही. मला राग यायचा. मी म्हटलं, आबा, मीच सांगते सगळ्यांना खरं काय ते. तेव्हा एकदाच ते माझ्यावर चिडले. "मन्हासाठी नको. तुले वाटी तवय सांग." त्यांच्यासाठी नको, मला वाटेल तेव्हा सांगायचं.

मी पुन्हा खेळले. पूर्वीइतकी वर गेले नाही, पण खेळले, आणि त्या खोल्यांतही जाऊन बसले. टेबलामागे बसलं की आधी बाटली उघडायची, सावकाश पाणी प्यायचं, मग प्रश्न घ्यायचा. एवढंच केलं तरी श्वास जागेवर राहायचा. जे बोलवत नसेल त्याला "आज नको" म्हणायला शिकले, आणि आश्चर्य म्हणजे बरेच जण ऐकायचे. एकाने तर लिहिलं होतं, ही हिची लकब आहे. मी ते कात्रण आबांना दाखवलं. त्या दिवशी त्यांनी मला धुळ्याच्या स्टँडवर दोनदा चहा पाजला.

परवा पारोळ्याला गेले. भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली होती, काकू एकट्याच होत्या. खुंटीला शबनम, कोनाड्यात तांब्या. त्यांनी तोच खाली काढला, घासून पुसून भरला आणि माझ्यापुढे पेला ठेवला. मी विचारलं, "काकू, धुळ्याला बदली का झाली ते आबांनी तुम्हाला सांगितलं होतं?" काकूंनी मान हलवली. "माले काहीच सांगं नही. तिनी गोट शे, ती सांगी, इतलंच बोलनात." तिची गोष्ट आहे, ती सांगेल, एवढंच आबा म्हणाले होते. इतकी वर्षं त्या बाईने माझ्या पानात वाढलं होतं आणि तिलासुद्धा माहीत नव्हतं. आपला नवरा बातमी हुकलेला माणूस आहे, हे गावाचं बोलणं ती निमूट ऐकत आली होती. मी त्यांना सगळं सांगितलं, बसखाली जावंसं वाटलं होतं तेही. काकू पदराने डोळे पुसत राहिल्या. निघताना त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला.

तो आता कोर्टवर बाकाशेजारी असतो. मी इथे शिकवते त्या पोरीही त्याला हसतात. हरून आलेलीला आधी पेला मिळतो, आणि तिचे आईवडील फोन पुढे करून "काय झालं, काय झालं" करत आले तर मी त्यांनाही पेला देते.

आबा, ती बातमी तुमचीच होती. तुम्हाला कळली होती, सगळ्यांच्या आधी कळली होती, आणि ती तुम्ही दिली नाहीत म्हणून मी आज आहे. आता मला वाटलं, म्हणून सांगितलं. पाणी पिऊन मगच लिहायला बसले होते.